लॉचा निकाल: दिवस कुठून मोजायचे?

निकालाचे दिवस तुझ्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या पेपरपासून मोज, तुझा विषय कधी संपला त्यावरून नाही. संभाजीनगरचं विद्यापीठ असो की नांदेडचं, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ चं कलम ८९ दोन्हींना लागू: निकाल शक्यतो ३० दिवसांत, फार तर ४५. उशीर झालाच तर विद्यापीठाला कारणांचा अहवाल द्यावा लागतो, म्हणून ४६व्या दिवशी निकाल हातात पडेलच असं धरून चालू नकोस.

वर्गाचा निकाल लागला आणि तुझाच राखीव, म्हणजे रोखून ठेवलेला दिसला, तर आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात जा. मूट कोर्टसारख्या (सरावाचा खटला) प्रात्यक्षिकाचे गुण कॉलेजकडून जातात. ते चढले नसले की निकाल अडकतो. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक चुकला तरी तेच. हॉल तिकीट सांभाळ. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागायची मुदत निकालाच्या दिवशीच बघ. ती थोडकीच असते.