येळवशीची भज्जी, फुगलेलं पोट आणि एन्झाइमची गोळी

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय ५४. येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात भज्जी (ओल्या दाण्यांची बेसन लावलेली भाजी) आणि अंबील पोटभर खाल्ली की रात्रभर पोट गच्च होतं, गुडगुडतं. एरवीही हरभऱ्याची उसळ, वाल किंवा पिठलं खाल्लं की तेच. मेडिकलमधून पचनाचं सिरप आणलं, जेवणानंतर दोन चमचे घेते, फरक नाही. लेक म्हणते, एन्झाइमच्या गोळ्या घे. घेऊ का? शुगरची गोळी चालू आहे.
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : ताई, आधी त्या सिरपच्या बाटलीवरची बारीक अक्षरं कुणाकडून तरी वाचून घ्या. बहुतेक डायस्टेज आणि पेप्सिन असेल, म्हणजे अन्न फोडणारी एन्झाइमच. डायस्टेज पिष्ट (स्टार्च) फोडतं, पेप्सिन प्रथिनं. तुमचं दुखणं तिसरंच आहे. डाळी-कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या फोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात तयारच होत नाही. तुमच्या नाही, माझ्याही नाही. मग त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही सुटतो.

म्हणून गोळी घ्यायचीच तर पाकिटावर अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे नाव बघून घ्या. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची. पोट फुगल्यावर घेऊन काय उपयोग, शर्करा तोवर पुढे गेलेल्या असतात. गरम भाजीत कुटूनही टाकू नका, उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. गुण सगळ्यांना सारखा येत नाही. मी तरी ती रोज नाही, सणावारी घ्यायला सांगते. दुधाने फुगणाऱ्यांसाठी लॅक्टेज वेगळं. कांदा, लसूण, गव्हामुळे होणाऱ्या गॅसवर या दोन्हींचा उपयोग नाही.

भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे असतात. वाळलेल्या दाण्यांपेक्षा त्यांत या शर्करा कमी, त्यामुळे माझा संशय तुम्ही त्यात लावता त्या बेसनावर आहे. पुढच्या येळवशीला बेसन निम्मं करून बघा. सासूबाई नाक मुरडतील, मुरडू द्या. अंबिलीला मात्र दोष देऊ नका; ती ताकातली, आणि ताकात दुधापेक्षा लॅक्टोज (दुधातली साखर) कमी असतं. घरचे हरभरे, वाल रात्रभर भिजवा आणि ते पाणी फेकून नव्या पाण्यात शिजवा.

आता शुगरच्या गोळीचं. तिच्यात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर गॅस तीच करत असेल. या गोळ्या पिष्टाचं पचन मुद्दाम लांबवतात आणि न पचलेलं अन्न जिवाणूंच्या हाती लागतं. त्यावर डायस्टेजचं सिरप घेणं म्हणजे एका हाताने बांध घालायचा आणि दुसऱ्याने फोडायचा; गोळीचा असर कमी होऊ शकतो. मेटफॉर्मिन या शुगरच्याच दुसऱ्या गोळीनेही काहींचं पोट बिघडतं. सिरप आजच बंद करा, शुगरची गोळी मात्र मनाने बंद करू नका. तिची पट्टी डॉक्टरांना दाखवा, गोळी किंवा मात्रा बदलता येते. नवी एन्झाइमची गोळीही त्यांना विचारूनच सुरू करा.

दिवसात १०-२० वेळा वारा सरणं हा आजार नाही. पण वजन उतरतंय, शौचातून रक्त जातंय, रक्त कमी झालंय, किंवा हा त्रास पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालाय, यातलं काहीही असेल तर गोळ्यांच्या नादी न लागता आधी तपासणी करून घ्या. त्रास कधीपासून आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही.