वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी इलेक्ट्रिक कारचं चार्जिंग

बंगल्यात सिंगल फेज मीटर आहे. रोजचं चालवणं 50 किलोमीटरच्या आसपास. विक्रेता 11 किलोवॅटचा चार्जर घ्या म्हणतो, ‘पुढे उपयोगी पडेल’. घ्यावा का?
— एक वाचक, गंगापूर रोड

घेऊ नका. घरच्या (एसी) चार्जिंगचा वेग भिंतीवरची चार्जरची पेटी एकटी ठरवत नाही, गाडीतला ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे एसी विजेचं बॅटरीला लागणाऱ्या डीसीत रूपांतर करणारा भाग, तोही ठरवतो. तो 3.3 किलोवॅटचा असेल तर पेटी कितीही मोठी लावा, गाडी 3.3 च घेणार. तेव्हा आधी गाडीच्या माहितीपुस्तकात हा आकडा पाहा. 11 किलोवॅटच्या पेटीला थ्री फेज लागतो आणि ती प्रत्येक फेजवर 16 अँपिअर देते. गाडी सिंगल फेजची असेल तर अशा पेटीवर ती बहुतेकदा एकाच फेजवर, म्हणजे 3.7 किलोवॅटच्या आसपास चार्ज होते. जास्त पैसे मोजून 7.2 किलोवॅटच्या सिंगल फेज पेटीपेक्षा कमी वेग मिळतो.

50 किलोमीटरला साधारण 7 ते 8 युनिट लागतात. गाडीसोबत येणारा 3.3 किलोवॅटचा पोर्टेबल चार्जर ते अडीच तासांत भरतो, त्यामुळे तुमचं काम त्यावरच भागेल. सकाळी शिर्डी आणि संध्याकाळी पुन्हा कुठे, असं वरचेवर होत असेल तरच 7.2 चा विचार करा. तो 32 अँपिअर ओढतो. त्यात गीझरचे 9 आणि एअर कंडिशनरचे 7 धरले की 48 अँपिअर होतात. त्यामुळे आधी महावितरणकडे अर्ज करून मंजूर भार (मीटरवर जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा) वाढवून घ्या, गरज पडली तर थ्री फेज घ्या, आणि पेटी त्यानंतर. करंट कमी करण्याची सोय असलेली पेटी मिळाली तर फारच छान. गीझरच्या वेळेत ती 16 वर ठेवता येते.

चार्जर लावला की लाल दिवा लागतो, ‘अर्थ फॉल्ट’ दिसतं. पावसाळ्यात नीट चालायचं, उन्हाळ्यात बंद. वायरमन म्हणतो, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतो, लगेच सुरू होईल.
— एक वाचक, मखमलाबाद

हे मुळीच करू देऊ नका. तशी जोडणी केली की लाल दिवा विझेल, पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पूर्ण धातूच्या अंगावर 230 व्होल्ट येतील. ओल्या जमिनीवर उभं राहून दाराला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. जे संकट टाळायला चार्जर अडून बसतो, तेच आपण हाताने ओढवून घेतो.

पावसाळ्यात चालतं, उन्हाळ्यात नाही, याचा अर्थ अर्थिंगचा खड्डा सुकतोय. आपल्याकडे वरचा मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम किंवा काळा पाषाण असेल तर हे हमखास होतं. तरी खणण्याआधी सोपं ते तपासा. मेन स्विच बंद करून सॉकेट उघडा. जुन्या वायरिंगमध्ये अर्थची तार पुष्कळदा स्क्रूतून निसटलेली किंवा जोडलेलीच नसते. फेज आणि न्यूट्रल उलटे लागले असले तरी काही चार्जर हाच दोष दाखवतात. सॉकेट घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर ते तिथून काढा.

हे सगळं ठीक असेल तर वायरमनकडून भार चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. 2-3 व्होल्ट चांगला, 10 च्या वर गेला तर दोष नक्की आहे. अर्थ टेस्टरवर अर्थिंगचा रोध 5 ओहमच्या आत हवा. नसेल तर 3 मीटरचा नवा इलेक्ट्रोड (जमिनीत पुरायचा धातूचा पाइप किंवा सळई) बेंटोनाइटच्या, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या चिकणमातीच्या, मिश्रणात बसवा. मीठ-कोळशाने पाइप लवकर गंजतो. खाली दगड लागला तर दोन इलेक्ट्रोड एकमेकांपासून किमान 3 मीटरवर ठेवून समांतर जोडा. नवा इलेक्ट्रोड घराच्या अर्थ पट्टीलाही जोडलाच पाहिजे, सुटा ठेवू नका.

इमारतीतल्या मीटर रूमपासून पार्किंग 50 मीटर लांब. 7.2 किलोवॅटच्या चार्जरसाठी 6 चौरस मिमीची वायर पुरेल?
— एक वाचक, नाशिक रोड

गरम होऊन जळण्याच्या दृष्टीने बहुधा पुरेल, पण 32 अँपिअरला जवळपास 10 व्होल्ट वाटेतच जातील. संध्याकाळी व्होल्टेज आधीच उतरलेला असतो, त्यात ही घट आली की चार्जर अधूनमधून थांबतो. 10 चौरस मिमी तांबं घ्या, घट 6 व्होल्टवर येते. 25 मीटरपर्यंत 6 चालते.

लाइनच्या सुरुवातीला 40 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) आणि गाडीसाठी स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) लावा. इथे दुकानात नीट विचारून घ्या: घरात सर्रास लागतो तो ‘एसी’ प्रकारचा आरसीसीबी गाडीकडून डीसी गळती झाली तर आंधळा होतो, म्हणजे गळती असूनही पडत नाही. पेटीत 6 मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर ‘ए’ प्रकार, नसेल तर ‘बी’. ‘बी’ महाग आहे, म्हणून ती सोय असलेली पेटीच निवडलेली बरी. उघड्या पार्किंगला आयपी 65 ची (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारी) पेटी घ्या, आणि पश्चिमेच्या उन्हात लावू नका. तापली की स्वतःच करंट कमी करते. सोसायटीकडे अर्ज देताना वायरचा मार्ग आणि मीटर कोणाचा हे लिहून, नकाशा जोडून द्या.

पोर्टेबल चार्जर एक्स्टेन्शन बोर्डवर चालेल का?
— एक वाचक, सिडको

नाही. गीझर पाव तास चालतो, हा चार्जर दहा-दहा तास. सैल पिनेशी उष्णता साठते आणि सॉकेट वितळतं. डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या मुख्य पेटीपासून) थेट 4 चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन आणि नवं, घट्ट 16 अँपिअरचं सॉकेट. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर चार्जिंग थांबवा.

घरच्या मीटरवर गाडी चार्ज केली तर व्यावसायिक दर लागतो का?
— एक वाचक, इंदिरानगर

स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेचाच, म्हणजे घरगुती दर लागतो. फरक पडतो तो टप्प्यांचा. महिन्याला 1000 किलोमीटर, युनिटला 7 किलोमीटर आणि चार्जिंगमधली घट धरून सुमारे 160 युनिट होतात. घरचा वापर 220 असेल तर एकूण 380, म्हणजे 300 च्या वरचे 80 युनिट महागड्या टप्प्यात. वरचे युनिट याहून बरेच जास्त होत असतील तर गाडीसाठी वेगळ्या मीटरचा दर आणि स्थिर आकार विचारून हिशेब मांडा. छतावर जागा असेल तर दीड किलोवॅटचं सोलर वर्षाच्या सरासरीने हे 160 युनिट भरून काढतं, पावसाळ्यात मात्र कमी.