भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय, चीनच्या विज्ञानाच्या इतिहासावर काम करायचंय. चिनी शिकावीच लागेल का?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की चीनचा इतिहास, तिथलं तत्त्वज्ञान आणि निसर्गविज्ञान या तिन्हींना धरून पीएच.डी. करायची आहे, इंग्रजी भाषांतरं भरपूर मिळतात, मग चिनी शिकण्यात वर्षं घालवावीत का. घालवावीत. भाषांतरांवर निभणार नाही. हे ऐकीव सांगत नाहीये, माझं स्वतःचं अख्खं वर्ष ‘पिवळा’ या एका शब्दापायी गेलं आहे.

माझा विषय होता १०५४ चा अतिनवतारा (सुपरनोव्हा), म्हणजे स्फोट होऊन अचानक प्रचंड उजळलेला तारा. ज्याचे अवशेष आज क्रॅब तेजोमेघ म्हणून दुर्बिणीतून दिसतात, तो. सुंग राजवटीची राजधानी कायफंग, तिथल्या दरबारी नोंदींत ४ जुलै १०५४ ला पहाटे पूर्वेला ‘ख-शिंग’ उगवल्याचं लिहिलंय. ख म्हणजे पाहुणा, शिंग म्हणजे तारा. शुक्रासारखा भर दिवसा दिसत होता, चहूकडे किरण फाकले होते, रंग तांबूस पांढरा, आणि असा तो २३ दिवस दिसला. रात्री मात्र त्यानंतरही दिसत राहिला. तो मावळल्याचं खगोल विभागानं कळवलं ते एप्रिल १०५६ मध्ये.

मला या नोंदींतून रंगाचा माग काढायचा होता. स्फोटानंतर तारा थंड होत जातो तसा त्याचा रंग बदलतो, हे तुम्हाला सांगायला नको. इंग्रजी भाषांतरांच्या एका संग्रहात मला दुसरी नोंद मिळाली, २७ ऑगस्टची, आणि तिच्यात रंग दिलेला होता पिवळा. दोन तारखा, दोन रंग. मी आलेख काढला, आजच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांशी ताडून पाहिला, तापमानाचे अंदाज मांडले. माझे मार्गदर्शक सर खूश झाले. एका परिषदेसाठी निबंध पाठवायचंही ठरलं.

चिनी मला शिकायचीच नव्हती. फक्त नावांचे उच्चार नीट व्हावेत म्हणून सदाशिव पेठेत एका निवृत्त बाईंकडे जात होते. बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरं वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. एके दिवशी त्या म्हणाल्या, मूळ पानाची झेरॉक्स आण, इंग्रजी राहू दे. मी आणली. त्यांनी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं आणि पहिलाच प्रश्न केला, “अगं, हे बोलतंय कोण?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण संग्रहात तारखेपुढे रंग होता, माणूस नव्हता. बाईंनी वाचून दाखवलं. बोलणारा होता यांग वेइद, खगोल-ज्योतिषातला जुना जाणता अधिकारी, आणि ते निरीक्षण नव्हतंच, राजाला केलेला अर्ज होता. तो म्हणतो, पाहुणा तारा प्रकटला आहे, त्यावर किंचित तेज आहे, रंग पिवळा. मग एका शकुनग्रंथाचा आधार देतो: पाहुणा तारा ‘बी’ नक्षत्रावर आक्रमण करत नसेल आणि तेजस्वी असेल, तर राज्यात कुणी थोर सत्पुरुष आहे. बी म्हणजे आपल्या रोहिणीचा परिसर. शेवटी विनंती: हे इतिहास-कार्यालयात नोंदवून ठेवावं आणि सर्व अधिकाऱ्यांना महाराजांचं अभिनंदन करू द्यावं. दरबारानं ते इतिहास-कार्यालयाकडे पाठवलंसुद्धा.

बाईंनी बोट उचललं. “पिवळा म्हणजे चिनी पंचतत्त्वांत पृथ्वीचा रंग, मध्याचा रंग, शुभ रंग. तुझ्या आलेखातला हा बिंदू म्हणजे अभिनंदनाचा ठराव आहे.”

त्या रात्री मी झोपले नाही. तारा पिवळा नव्हताच असं कुणी म्हणू शकत नाही, असेलही. पण तो शब्द ज्या वाक्यात, ज्या माणसाच्या तोंडी, ज्या कामासाठी आलाय, तिथून त्याला उचलून थर्मामीटरसारखा वापरता येत नाही. आणि हे कळायला भौतिकशास्त्र पुरत नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात डोंग झोंगशू या विचारवंतानं आकाश आणि माणूस एकमेकांना प्रतिसाद देतात हा विचार राज्यकारभाराशी बांधून टाकला. राजा चुकला की आकाश ताकीद देतं, राजा नीट वागला की शुभ चिन्हं दिसतात. आकाशाच्या नोंदी इतक्या काटेकोर ठेवल्या गेल्या त्या यामुळे, आणि त्यांत शब्द निवडून घातले गेले तेही यामुळेच. हे तत्त्वज्ञान बाजूला काढून फक्त माहिती घेता येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या नोंदी वाचलेल्याच नाहीत.

सरांना सांगितलं. सर म्हणाले, “भाषेचं भाषावाले बघतील, तू आकडे बघ.” तळटीप टाक आणि निबंध पाठव. क्रॅबचा प्रश्न तर कधीच सुटलाय, १९२१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ लुंडमार्कनं जुन्या नोंदींतल्या अशा पाहुण्या ताऱ्यांची यादी केली, १९२८ मध्ये हबल या खगोलशास्त्रज्ञानं तेजोमेघाच्या प्रसरणाच्या वेगावरून वय सुमारे ९०० वर्षं काढलं, आता पोथ्यांत काय शोधणार? मी निबंध मागे घेतला. त्यावर त्यांनी ऐकवलेलं वाक्य आजही आठवतं: “एक काय ते ठरव, विज्ञान की पोथ्या. दोन्ही डगरींवर हात ठेवशील तर कुठलीच राहणार नाहीस.”

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज आहे, आणि तुमच्या निमित्तानं देते.

क्रॅब म्हणजेच १०५४ चा तारा ही ओळख पक्की झाली ती १९४२ मध्ये, आणि कुणामुळे? नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये ऊर्ट हे खगोलशास्त्रज्ञ आणि डाइव्हेंडाक हे चिनीचे पंडित एकाच विद्यापीठात होते म्हणून. डाइव्हेंडाकनी मूळ नोंदी शोधून त्यांचा अर्थ लावला, ऊर्ट आणि अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ मेयॉल यांनी त्यावर खगोलाची बाजू मांडली. इतकं करूनही एक गाठ राहिलीच. चिनी इतिहासात लिहिलंय की तारा थ्येन्क्वानच्या आग्नेयेला ‘काही इंच’ (इंच हे इथे आकाशातलं अंतर सांगायचं चिनी माप) दिसला. थ्येन्क्वान म्हणजे वृषभेच्या एका शिंगाचं टोक, झीटा टॉरी. क्रॅब तेजोमेघ तर त्याच्या वायव्येला आहे. बरोबर उलट्या दिशेला. नक्कल करणाऱ्याची चूक, दिशा सांगण्याची वेगळी रीत की आणखी काही, यावर आजवर वाद घातला गेलाय, आणि हा वाद नुसत्या दुर्बिणीनं मिटणारा नाही.

आकड्यांवर भरवसा ठेवणाऱ्यांना मी शेन क्वोचं एक टिपण वाचायला सांगते. हा १०७२ पासून खगोल विभागाचा प्रमुख होता. सुंग राजांनी दोन वेधशाळा ठेवल्या होत्या, एक राजवाड्याच्या आत आणि एक बाहेर. आतल्यांचा रात्रीचा अहवाल राजनगरीचे दरवाजे उघडण्याआधी पोचायचा, बाहेरच्यांचा उघडल्यावर, आणि मग दोन्ही समोरासमोर ठेवून ताडायचे, म्हणजे खोटेपणा पकडला जावा. शेन क्वो लिहितो की दोन्हीकडचे लोक आतून संगनमत करून एकसारखेच अहवाल लिहीत, आणि ग्रहांच्या जागा तर आकाशाकडे न बघता पंचांगाच्या गणितावरून उतरवून देत. त्यानं हे उघड केलं, सहा जणांची नोकरी गेली. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच सुरू झालं, हेही त्यानंच लिहून ठेवलंय. आणि हाच शेन क्वो ध्रुवताऱ्याची जागा ठरवायला तीन महिने रात्री नळीतून बघत राहिला आणि दोनशेवर आकृत्या काढल्या. एकाच खात्यात दोन्ही प्रकारची माणसं. कुठला आकडा कुणाचा, हे भाषांतरित तक्त्यात दिसत नाही.

आपल्याकडचंच बघा. १०५४ चा तारा भारतीय साहित्यात कुठे नोंदलाय का, हे जयंत नारळीकरांना शोधायचं होतं तेव्हा ते एकटे बसले नाहीत, संस्कृतच्या सरोजा भाटे त्यांच्याबरोबर होत्या. ठाम म्हणावी अशी नोंद हाती लागली नाही, आणि तेवढंच त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. चिनी हे आपलं कामच नाही म्हणणाऱ्यांना पालीचे पंडित पु. वि. बापटांचं नाव सांगा. विनयाच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या, अट्ठकथेचं (पाली टीकेचं) चिनी रूपांतर त्यांनी जपानी विद्वान हिराकावांच्या सोबतीनं इंग्रजीत आणलं, भांडारकर संस्थेनं ते १९७० मध्ये छापलं. हे पुण्यातलंच काम आहे.

किती वर्षं लागतील, हेही विचारलंय. आजची मँडरिन आणि जुनी ग्रांथिक चिनी यांत मराठी आणि संस्कृतइतकं अंतर धरून चाला. दोन वर्षं मँडरिनची, त्यातल्या दुसऱ्या वर्षीच ग्रांथिक सुरू करा, थांबून राहू नका. आकाशाच्या नोंदींपासून सुरुवात करा, कारण शब्द मोजके असतात: उगवला, पहारा देत राहिला, आक्रमण केलं, मावळला. साठ दिवसांच्या चक्राच्या तारखा इंग्रजी तारखेत बदलायला आठवडाभरात येतं. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ त्यानंतर. आणि चीनमध्ये आधुनिक विज्ञान का जन्मलं नाही, हा चिनी विज्ञानाचे इतिहासकार नीडहॅम यांचा प्रश्न घेऊन पीएच.डी.ला बसू नका. नीडहॅम मोठा माणूस, जीवरसायन सोडून चाळिशीकडे झुकताना चिनी शिकला. पण तो प्रश्न फार मोठा आहे, आणि नवख्याला त्यात जे झालं नाही तेच दिसत राहतं, जे झालं ते दिसत नाही.

आता थोडं आवरतं घेते. सगळेच चिनी विचारवंत शकुनवाले नव्हते. शुन्झीनं डोंगच्याही आधी बजावलं होतं की आकाशाची चाल कायम एकच असते, ती चांगल्या राजासाठी चालत नाही आणि वाईट राजासाठी थांबत नाही. शिवाय तुमचं काम फक्त ग्रहणांच्या वेळांवर असेल, पृथ्वीचं फिरणं मंदावतंय त्याचं मोजमाप वगैरे, तर चांगल्या टिपांसह केलेली भाषांतरं बरीच साथ देतात. सरांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल. पण तिथेही वाचून देणारं कुणीतरी लागतंच.

म्हणून मार्गदर्शक नंतर शोधा, आधी मूळ ओळीवर बोट ठेवून शिकवणारं माणूस शोधा. आणि पहिल्या दिवसापासून पारंपरिक लिपी घ्या. वर्गात सोपी केलेली लिपी शिकवतात, मी तीच घेतली, आणि बाईंनी समोर ठेवलेल्या त्या पानासाठी मला सहा महिने सगळी अक्षरं पुन्हा गिरवावी लागली.