मागची ती विंग नक्की करते काय? वाचकांचे गाडीप्रश्न

या वेळच्या प्रश्नांतले निम्मे तरी रविवारी सकाळी पामबीच रोडवर दिसणाऱ्या गाड्यांबद्दलच आहेत. म्हटलं होऊन जाऊ दे एकदाचं. मायलेज आणि इन्शुरन्सवाल्यांनो, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

दादा, पामबीचला पोर्शची ९११ जीटी३ आरएस बघितली, मागची विंग छपरापेक्षा पण उंच! एवढी मोठी कशाला? आणि माझ्या मित्राने स्विफ्टला तसलीच विंग लावलीय, म्हणतो गाडी आता रोडला चिकटून चालते. खरं का?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नेरुळ

मित्राला सांग, चिकटते ती त्याच्या मनात.

आधी एक समजून घे, कुठलीही गाडी असू दे, स्विफ्ट नाहीतर पोर्श, रस्त्याला टेकलेली असते ती फक्त चार ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढं रबर. पळायचं, वळायचं, थांबायचं सगळं त्या चार तळव्यांच्या जीवावर. या महागड्या गाड्यांमध्ये जे काही कोटींचं काम केलेलं असतं ना, ते फिरून फिरून तिथंच येतं, की ते रबर रस्त्यावर दाबून कसं ठेवायचं.

आता साध्या गाडीचा आकार वरून फुगीर, खालून सपाट. स्पीड वाढला की वरून जाणारी हवा जास्त जोरात जाते, वरचा दाब कमी होतो आणि गाडी किंचित वर उचलली जाते. ८० ला तुला काही कळणार नाही, पण २०० ला मागची चाकं हलकी झालेली कळतात आणि तेव्हा कळून फारसा उपयोग नसतो. ऑडीची पहिली टीटी आठवते का, ती गोल गुळगुळीत दिसणारी, १९९८ ला आलेली? दिसायला इतकी सुंदर की मागे काही चिकटवायची डिझायनरला इच्छाच झाली नसावी. पण जर्मनीच्या ऑटोबानवर फुल स्पीडला तिचे अपघात झाले, मागची बाजू सुटायची, शेवटी कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलवून डिकीवर छोटा स्पॉयलर आणि सोबत ईएसपी, म्हणजे घसरायला लागलेली गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक सिस्टिम, बसवून दिलं.

स्पॉयलर आणि विंग यात फरक आहे बरं का. स्पॉयलर म्हणजे डिकीच्या कडेला उठलेली ती पट्टी, ती हवेचा प्रवाह बिघडवून उचल कमी करते. विंग म्हणजे विमानाचा पंख उलटा लावलेला, ती गाडीला खाली दाबते. तू बघितलेली जीटी३ आरएस २०० च्या स्पीडला ४०९ किलो आणि २८५ ला ८६० किलो दाब तयार करते, हा कंपनीनेच दिलेला आकडा आहे, आणि गाडीचं स्वतःचं वजन साधारण साडेचौदाशे किलो. म्हणजे इंजिन तेच, टायर तेच, पण वळणावर गाडी निम्म्याहून जास्त जड झाल्यासारखी रस्त्यावर बसते, आणि ते जास्तीचं वजन वळवायला मात्र लागत नाही कारण ते वजन नाहीच, हवा आहे. पुढच्या वेळी दिसली तर जवळून बघ, विंगचे दोन टेकू खालून नाही, वरून आलेत, हंसाच्या मानेसारखे वळून. कारण खरं काम विंगची खालची बाजू करते, तिथं टेकू आला की हवा डिस्टर्ब होते.

फुकट काही नाही अर्थात. जेवढं दाबाल तेवढी हवा गाडीला मागे पण ओढणार. म्हणून सरळ रस्त्यावर त्या विंगचा वरचा भाग बटणाने आडवा होतो, फॉर्म्युला वनमध्ये २०२५ पर्यंत असलेल्या डीआरएससारखा, आणि जोरात ब्रेक मारला की उभा राहून एअरब्रेकचं काम करतो.

आता मित्राची स्विफ्ट. हवेचा दाब स्पीडच्या वर्गात वाढतो, त्यामुळे पोर्शची ही अख्खी सिस्टिम सुद्धा ७० च्या स्पीडला जेमतेम पन्नासेक किलो दाबेल, आणि त्याची ती बाजारातली फायबरची फळी काय दाबणार? त्यातून समजा दाबलंच तरी स्विफ्टला ताकद पुढच्या चाकांना जाते, शेपटीवर वजन टाकलं की पुढची चाकं हलकी होणार, म्हणजे उलटाच कारभार. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या रचनेत मनाला येईल ते बदल करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हेच परत ठणकावून सांगितलंय. विंगवरून एखादा हवालदार दुर्लक्ष करेल, त्या भोंग्या सायलेन्सरवरून नाही करणार. (लावलाच असेल त्याने, विंगवाले सहसा लावतातच.)

मुलगा नववीत आहे, दिवसभर गाड्यांचे व्हिडिओ. विचारतो, आई या गाड्यांचं इंजिन मागे आणि डिकी पुढे का असते? मला काही सांगता येईना.
– खारघर

ताई, मुलाला सांगा, इंजिन ही गाडीतली सगळ्यात जड वस्तू, ती मधोमध, सीटच्या मागे ठेवली की गाडी पटकन वळते आणि पटकन सरळ पण होते. टोकाला वजन असलं की वळायला वेळ लागतो आणि एकदा वळायला लागली की थांबायला पण. आणि इंजिन मागे गेलं की पुढची जागा डिकीला उरते. रेसिंगमध्ये हे आधीच चालू होतं, रस्त्यावरच्या गाडीत १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउराने ते गाजवलं, बारा सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागे आडवं टाकलं आणि तेव्हापासून बहुतेक सुपरकारचा साचा तोच राहिला.

पोर्श ९११ मात्र हट्टी. १९६३ मध्ये पहिल्यांदा दाखवली तेव्हापासून इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. फायदा असा की गाडी उठताना मागच्या टायरवर भरपूर वजन असतं, चाकं घसरत नाहीत. तोटा असा की जुन्या ९११ मध्ये वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जायचं आणि शेपूट फिरायचं. कित्येक श्रीमंत लोक असे शेतात गेले. साठ वर्षं पोर्शवाले ही एक चूक सुधारत बसलेत आणि इतकी सुधारली की आता ती चूक आहे असं म्हणायची सोय राहिली नाही.

आणि मुलाला एक उलटा प्रश्न विचारा, वरच्या उत्तरातल्या जीटी३ आरएसला पुढे डिकीच नाही, का? उत्तर : तिथं एकच मोठा रेडिएटर तिरपा बसवलाय, म्हणजे दोन्ही बाजूंच्या जागा हवेच्या खेळासाठी मोकळ्या.

नमस्कार साहेब. मी ड्रायव्हर आहे, आमच्या शेठनी नवीन स्पोर्ट्स कार घेतली. सोसायटीच्या गेटचा स्पीडब्रेकर काढताना जीव टांगणीला लागतो. पुढून घासली तर शेठ मला सोडणार नाहीत. काय करू?
– घोडबंदर रोड, ठाणे

भाऊ, पहिलं म्हणजे चूक तुमची नाही आणि गाडीची पण नाही. स्पीडब्रेकर कसा असावा याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे, उंची १० सेंमी आणि रुंदी ३.७ मीटर, म्हणजे पसरट, गाडी आरामात चढावी आणि उतरावी. आपल्याकडे सोसायटीवाले उरलेल्या डांबराची उंच अरुंद वरवंट्यासारखी रेघ ओढतात, त्यावरून अ‍ॅक्टिव्हावाल्याची कंबर जाते तिथं ११-१२ सेंमी ग्राउंड क्लिअरन्सच्या गाडीचं काय होणार.

गाडी एवढी खाली असते ती स्टाईलसाठी नाही. खालून कमी हवा जावी, जी जाईल ती जोरात जावी आणि मागच्या डिफ्युझरमधून, म्हणजे बंपरखालच्या वर चढत जाणाऱ्या भागातून, पसरत बाहेर पडावी, म्हणजे खालचा दाब कमी होऊन गाडी रस्त्याकडे ओढली जाते. पुढचा तो काळा ओठ, स्प्लिटर, तोच आधी घासतो.

डॅशबोर्डवर नाहीतर कन्सोलवर गाडीचं नाक वर केल्याचं चित्र असलेलं बटण शोधा. नोज लिफ्ट म्हणतात, साधारण ४ सेंमी पुढून उचलते, आणि नव्या ९११ सारख्या काही गाड्यांत जीपीएसने जागा लक्षात ठेवायची सोय असते, एकदा गेटवर सेव्ह केलं की पुढच्या वेळी आपोआप उचलणार. पण हे ऑप्शन असतं, शेठनी घेतलंय का बघा. नसेल तर तिरपी घ्या, एका वेळी एकच चाक चढेल अशी, आणि ब्रेक दाबत दाबत चढू नका कारण ब्रेक मारला की नाक आणखी खाली जातं. आधी स्लो करा, मग ब्रेक सोडून सरकू द्या. आणि गाडीत बसलेल्या शेठना सांगा की सोसायटीच्या मीटिंगला जाऊन तो स्पीडब्रेकर मापात करून घ्या, तुमचं सांगणं कमिटी ऐकणार नाही, त्यांचं ऐकेल.

माझी गाडी सुपरकार नाही पण ड्युअल क्लच ऑटोमॅटिक आहे. मानपाड्याच्या जॅममध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके मारते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात नॉर्मल आहे. नॉर्मल आहे का?
– मानपाडा, ठाणे

अर्धं नॉर्मल आहे. हा गिअरबॉक्स रेसिंगमधून आलाय, पोर्शने ८० च्या दशकात ९६२ या रेसिंग कारमध्ये वापरला होता आणि रस्त्यावरच्या गाडीत २००३ ला गोल्फ आर३२ मधून आला. दोन क्लच, एकाकडे १-३-५, दुसऱ्याकडे २-४-६, तुम्ही दुसऱ्यात असता तेव्हा तिसरा आधीच लावून ठेवलेला असतो, फक्त क्लचची अदलाबदल, म्हणून इतका फास्ट. पण ही सगळी हुशारी पळताना. जॅममध्ये ताशी पाचच्या स्पीडने सरकताना हा गिअरबॉक्स आतून तेच करतो जे नवशिका हाफ क्लचवर करतो, क्लच घासत राहतो आणि गरम होतो. ड्राय क्लच असेल तर जास्तच, कारण थंड करायला तेल नाही.

पुढच्याशी गॅप पडू द्या, मग एकदम दोन गाड्यांएवढं पुढे जा आणि परत पूर्ण थांबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. तरीही झटके वाढतच गेले किंवा गरम झाल्याची वॉर्निंग आली तर "नॉर्मल आहे" ऐकून परत येऊ नका, वॉरंटी असेपर्यंत लेखी तक्रार नोंदवून पावती घ्या.

१००० हॉर्सपॉवर लागतातच कशाला? १२० मध्ये गाडी पळत नाही का?
– ऐरोली

पळते की. हवा कापायला लागणारी ताकद स्पीडच्या घनात वाढते, दुप्पट स्पीडला आठपट ताकद, त्यामुळे २०० पर्यंत जायला फार काही लागत नाही, वरचा प्रत्येक किलोमीटर महाग होत जातो. बुगाटी व्हेरॉनने २००५ मध्ये ४०७ गाठले, त्यासाठी १००१ हॉर्सपॉवर, सोळा सिलिंडर, चार टर्बो आणि दहा रेडिएटर. दहा! कारण इंजिन जेवढी ताकद चाकांना देतं त्याच्या दुपटीच्या आसपास उष्णता म्हणून बाहेर टाकावी लागते. फुल स्पीडला १०० लिटरची टाकी बारा मिनिटांत रिकामी होते. अटल सेतू २१.८ किलोमीटर, स्पीड लिमिट १००, म्हणजे लिमिट पाळून तुमची वॅगनआर पलीकडे पोचायला लागतात तेरा मिनिटं, तेवढ्यात व्हेरॉनवाला पेट्रोल शोधत असेल.

मला विचाराल तर खरी कमाल दुसऱ्या टोकाला आहे. १९९६ ची लोटस एलिस, ११८ हॉर्सपॉवर, आणि वजन ७२५ किलो. अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे वेल्डिंग न करता चिकटवून केलेली चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, ती फक्त ६८ किलोची. वजन कमी केलं की गाडी उठते पण जोरात, वळते पण जोरात, थांबते पण जोरात आणि टायर, ब्रेक सगळं कमी झिजतं, हॉर्सपॉवर वाढवून यातलं फक्त पहिलं मिळतं. पण "माझी गाडी हलकी आहे" असं सांगून लग्नात कोणी इम्प्रेस होत नाही.

इलेक्ट्रिक गाड्या दोन सेकंदात १०० गाठतात म्हणे. मग पेट्रोलच्या सुपरकार संपल्या का?
– सीबीडी बेलापूर

सरळ रेषेत संपल्याच. क्रोएशियाच्या रिमॅक नेव्हेराने २०२३ मध्ये १.८१ सेकंदात १०० गाठले, चार चाकांना चार मोटर. गंमत बघा, टायरची पकड गाडीच्या वजनाइतकी धरली तर गणिताने २.८ सेकंदांच्या आत १०० होऊच शकत नाही, मोटर कितीही मोठी लावा. म्हणजे यातलं अर्धं श्रेय मोटरचं, अर्धं त्या चिकट टायरचं आणि प्रत्येक चाक सुटायच्या बरोब्बर आधी आवरणाऱ्या सॉफ्टवेअरचं. पण नेव्हेराचं वजन दोन टनांच्या वर जातं आणि ट्रॅकवर वळणामागून वळण आलं की ते वजन टायर आणि ब्रेक खातं. आवाजाचं दुःख वेगळं, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

भाचा सेकंड हँड स्पोर्ट्स कार बघतोय. सिरॅमिक ब्रेक आहेत म्हणून मालक जास्त मागतोय. आणि टायर नवे आहेत असं म्हणतो.
– कळवा

कार्बन सिरॅमिक डिस्क लोखंडाच्या डिस्कच्या साधारण निम्म्या वजनाच्या, ट्रॅकवर सतत ब्रेक मारून पण दमत नाहीत. ठाण्यात त्यांचा उपयोग शून्य, आणि बदलायची वेळ आली तर एका डिस्कच्या किमतीत कामचलाऊ स्कूटर येईल. कडेला टवके उडालेत का ते टॉर्च मारून बघा आणि त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, उलट कमी करून मागा.

टायर "नवे" म्हणजे नक्षी शिल्लक आहे एवढंच. अशा गाड्या वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालतात, रबर उभ्या उभ्या कडक होतं. साइडवॉलवर डीओटी लिहिलंय तिथं शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१८ असेल तर २०१८ चा बत्तिसावा आठवडा, तसले टायर असतील तर चारही बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. चारही टायरचे आकडे बघा, मालक ज्या बाजूला उभा राहून बोलतोय त्याच्या मागचा पण.