अड्ड्यावर जाण्याआधी

प्रिय विद्यार्थिमित्रा,

प्रबंधासाठी सकाळचा मजूर अड्डा, म्हणजे रोजंदारीचे मजूर कामाची वाट पाहत उभे राहतात तो नाका, निवडलास, फार बरं केलंस. प्रश्नावली दिलीस तर लोक मजुरीचा आकडा सांगतील. तो ठरताना कोण बोलतं, कोण गप्प राहतं आणि दहा वाजता कोण रिकाम्या हाताने घरी जातं, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पहिले तीन-चार दिवस वही काढू नकोस. गवंडी कुठे उभे राहतात, बिगारी कुठे, बायका रस्त्याच्या कोणत्या बाजूला, ठेकेदाराची गाडी कुठे थांबते, एवढं पाहा आणि खोलीवर येऊन नकाशा काढ. आपण कोण, कशासाठी आलो, हे मात्र पहिल्याच सकाळी सांगून टाक. फसवून मिळवलेल्या माहितीवर आपला हक्क नसतो.

मग मोजणी. सात ते दहा, दर १५ मिनिटांनी: पुरुष किती, बायका किती, कामावर किती गेले. पावसाची सकाळ, रविवार, सणाचा आदला दिवस यांना खाडा करू नकोस. तुझ्यामुळेही लोकांचं वागणं बदलतं, म्हणून पहिल्या आठवड्याच्या नोंदी चौथ्या आठवड्याशी ताडून पाहा.

खरी गफलत लिहिताना होते. ‘ठेकेदाराने मजुराला तुच्छतेने वागवलं’ हा तुझा निष्कर्ष झाला. नोंद अशी हवी: ‘७.४०. मोटारसायकल थांबली, इंजिन चालूच. पाच जण पुढे गेले. चालकाने एकाचा हात धरून तळवा पाहिला, सोडला, मागच्याला बोटाने बोलावलं. बोलणं ऐकू आलं नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नकोस. तो तळहातावरचे घट्टे पाहत होता का, माणूस कामाला सरावलेला आहे की नाही हे जोखत होता का, हा प्रश्न सहा महिन्यांनीही या नोंदीला विचारता येतो. ‘तुच्छतेने’ लिहून मोकळा झालास की तो विचारायची सोयच उरत नाही.

पानावर तीन रकाने आख: पाहिलं, ऐकलं, मला वाटलं. जागेवर त्रोटक शब्द पुरेत. तासाभराच्या निरीक्षणामागे लिहायला दोन तास धर, आणि ते त्याच दिवशी, कोणाशी बोलण्याआधी. मित्राला सांगितलं की हकिगत रंगते, आणि वहीत ती रंगलेलीच उतरते.

कपड्यांवरून किंवा बोलीवरून कोणाची जात लिहू नकोस. नावांऐवजी ग-१, ब-२ असे संकेत वापर. कोणता संकेत कोणाचा, ती यादी वेगळ्या वहीत, कुलपात.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या रामपुऱ्यात राहून केलेल्या अभ्यासाच्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डला आगीत सापडल्या. तिन्ही एकाच ठिकाणी होत्या. तेव्हा संकेतांत लिहिलेल्या पानांची एक प्रत दर रविवारी दुसऱ्या जागी हलव. नावांची यादी त्यासोबत कधीही पाठवू नकोस.

पहिल्या आठवड्याची पानं जशी असतील तशी मला दाखव, सुवाच्य करत बसू नकोस.

कळावे.