वेलबुट्टी काढून करिअर होतं का?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. मुलगी अकरावीत, इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेला ए ग्रेड, बीएफए म्हणजे चित्रकलेची पदवी करायचीय, आणि क्लासचे सर दोन महिने झाले तिच्याकडून इटलीतल्या रेनेसान्स काळातली पानंवेलींची नक्षीच काढून घेतायत, आणि तुम्हाला वाटतंय की आजकाल एका क्लिकवर नक्षी मिळते मग हे कशाला. वाया नाही जात, पण सर कसं शिकवतायत त्यावर आहे सगळं.

त्या नक्षीत कातरलेल्या कडांचं मोठं पान सारखं येतं बघा, अकँथस, ते नुसतं बघून उतरवलं तर हाती काही लागत नाही. आधी देठाची एकच वळणदार रेघ, मग पानांचे मोठे आकार, पान देठाला वळणाच्या दिशेनेच येऊन मिळतंय ना ते बघायचं, आणि कातरे एकदम शेवटी. अशी सवय लागली की फिगर, कपड्याच्या चुण्या, अक्षरं सगळीकडे तीच कामाला येते. बहुतेक पोरं उलटं करतात, चेहरा काढताना डोळ्यापासून सुरू करतात आणि हनुवटीला कागदच उरत नाही.

आणि रेनेसान्सचे ते कलाकार नुसतं गिरवत नव्हते हो. 1480 च्या सुमारास रोममध्ये नीरो या रोमन सम्राटाच्या राजवाड्याच्या मातीत गाडलेल्या खोल्या सापडल्या, चित्रकार खाली उतरून तिथली नक्षी वहीत उतरवून आणायचे, पुढे नामवंत चित्रकार राफाएलचा सहकारी जोवान्नी दा उदिने पण तिथे गेला. पण त्याने रोममधल्याच व्हिला फार्नेझिना या हवेलीच्या छतावर फळाफुलांच्या माळा रंगवल्या (1517-18 च्या आसपास) त्यात चक्क मक्याची कणसं आहेत, आणि मका तेव्हा अमेरिकेतून नुकताच आलेला! मला हा माणूस जाम आवडतो.

आपल्याकडे मुंबईचं जेजे स्कूल ऑफ आर्ट 1857 ला सुरू झालं, तिथेही प्लॅस्टर कास्ट (मूळ नक्षीच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती) समोर ठेवून ड्रॉइंग शिकवायचे. सीएसएमटीवरच्या दगडी पानाफुलांत तिथल्या विद्यार्थ्यांचं काम आहे, स्टाइल गॉथिक आहे पण बघण्यासारखं. मुंबईला आलात तर वही घेऊन जा, फक्त ऑफिसच्या गर्दीत नको.

नोकरीचं म्हणाल तर नक्षी येते म्हणून कोणी पगार देत नाही. टेक्स्टाइल, ज्वेलरी, टाइप, गेमचे बॅकग्राउंड, जुन्या वास्तूंचं रिस्टोरेशन, इथे उपयोग होतो. क्लिकवर आलेल्या नक्षीत पुष्कळदा वेल मधेच तुटते, पान देठाला लागतच नाही, ते दिसायला आणि दुरुस्त करायला नजर लागते.

सरांना एवढं विचारा की काढलेलं नक्षीचं पॅनेल दुसऱ्या दिवशी न बघता काढून घेता का. नुसतं शेडिंग गुळगुळीत करण्यात आठवडे जात असतील तर मात्र थांबवा. आठवड्यातून दोन दिवस नक्षी पुरे, बाकी ऑब्जेक्ट ड्रॉइंग (समोरच्या वस्तू बघून) आणि मेमरी ड्रॉइंग (आठवणीतून), बीएफएच्या प्रवेशाच्या सीईटीला ते लागतं. घरी किंवा शेजारी कारल्याचा वेल असेल तर तिला सांगा अकँथसच्या जागी कारलं बसवून दाखव, आणि ते पोर्टफोलिओत ठेवा, हुबेहूब कॉप्या नकोत.