‘हृदयाभोवती पाणी झालंय’ : कॅन्सरच्या घरांतून आलेले प्रश्न

प्रश्न : आईचं वय 58, चार वर्षांपूर्वी डाव्या बाजूच्या ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो आणि शेक (रेडिएशन). सगळं छान चाललं होतं, पण गेले काही दिवस जिना चढला की धाप लागते आणि आडवं झालं की खोकला येतो म्हणून ती रात्रभर उशांना टेकून बसते. आधी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं, फरक नाही. आता टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘मॉडरेट पेरिकार्डियल इफ्यूजन, 16 मिमी’ आलंय. शेजारचे म्हणतात कॅन्सर हृदयात गेला, आता उगाच त्रास देऊ नका. काय करू? (एक मुलगा, सांगली)

उत्तर : शेजाऱ्यांचं सध्या ऐकू नका. हृदयाभोवती दोन पदरांची पिशवी असते, तिला पेरिकार्डियम म्हणतात, आणि तिच्यात 15 ते 50 मिली पाणी तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच असतं. कॅन्सरच्या पेशंटमध्ये ते वाढलं की घरचे लगेच एकच अर्थ काढतात. पण युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीची 2015 ची गाईडलाईन बघा, त्यात म्हटलंय की कॅन्सर असलेल्या ज्यांच्या हृदयाभोवती पाणी सापडतं त्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांमध्ये कारण कॅन्सर पसरणं हे नसतंच, शेक दिल्याचा परिणाम, इन्फेक्शन असलं काहीतरी असतं. आपल्याकडे त्यात टीबी धरा, थायरॉईड कमी असणं धरा, काही औषधंही धरा. अर्थात ब्रेस्ट, फुप्फुस, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा), ल्युकेमिया (रक्ताचा) आणि मेलॅनोमा (त्वचेचा) हे कॅन्सर या पिशवीपर्यंत पोचतात हेही खरंच आहे, त्यामुळे तुमच्या आईच्या बाबतीत ती शंका पहिली घ्यावी लागेल, पण शंका घेणं वेगळं आणि हात वर करणं वेगळं.

16 मिमी ही पाण्याच्या थराची जाडी, म्हणजे मधलं, 10 च्या खाली थोडं आणि 20 च्या वर जास्त असा ढोबळ हिशोब. पण या आकड्यावर फार जाऊ नका, पाणी किती वेगात साठलं त्यावर सगळं असतं. गरोदरपणात पोटाची कातडी कशी महिन्यामहिन्याने ताणत जाते, तशी ही पिशवीसुद्धा वेळ मिळाला तर ताणते आणि लिटरभर पाणी घेऊनही माणूस चालत ओपीडीत येतो, आणि तेच झपकन साठलं तर 200 मिलीसुद्धा हृदय दाबून टाकतं. या दाबल्या जाण्याला टॅम्पोनाड म्हणतात आणि ती इमर्जन्सी आहे. इको करणारे डॉक्टर बघतात की उजव्या बाजूचे कप्पे आत दबतायत का, पोटातून हृदयाकडे येणारी मोठी शीर फुगून तशीच राहिलीय का. साध्या बीपीच्या पट्ट्यानेही बरंच कळतं, पट्टा अगदी हळूहळू सोडायचा आणि ऐकत राहायचं, श्वास आत घेताना वरचं बीपी 10 पेक्षा जास्त खाली येत असेल तर कान टवकारायचे. ईसीजीत लाटा बुटक्या दिसतात, कधी एक उंच एक बुटकी अशा आलटून पालटून.

आईला आडवं होता येत नाहीये म्हणजे घरी थांबायची वेळ नाही, आजच्या आज हार्ट आणि कॅन्सर दोन्ही डॉक्टर असतील अशा ठिकाणी न्या, जुनी फाईल सगळी बरोबर घ्या, कुठे किती शेक दिला तो कागद विशेष करून. आणि एक, दम लागतो म्हणून कुणी लघवीची गोळी किंवा लॅसिक्सचं इंजेक्शन सहज देऊन टाकेल, ते इको दाखवल्याशिवाय घेऊ नका. दाबलं गेलेलं हृदय शिरांमधल्या दाबावरच कसंबसं भरत असतं, तो दाब कमी केला की बीपी धाडकन पडतं.

प्रश्न : मिस्टरांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे. महिन्यापूर्वी हृदयाभोवतीचं 900 मिली लाल पाणी काढलं, रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या पेशी नाहीत असं आलं, आम्ही सुटलो म्हटलं. आता परत भरलंय. एक डॉक्टर म्हणतात टीबीच्या गोळ्या चालू करा, दुसरे म्हणतात छोटं ऑपरेशन करून खिडकी करू. ही ओपन हार्ट असते का? (नाशिक)

उत्तर : नाही, ओपन हार्ट नाही. छातीच्या मधल्या हाडाखाली छोटा छेद देतात (किंवा डाव्या बरगड्यांमधून दुर्बिणीने जातात), पिशवीचा एक तुकडा कापून काढतात म्हणजे पाणी तिथे न साठता बाहेर झिरपतं आणि शरीर ते शोषून घेतं. तब्येत अगदी नाजूक असेल तर हाडाखालचा छेद नुसती जागा बधिर करूनही घेता येतो. दुसरा फायदा म्हणजे कापलेला तुकडा तपासायला जातो, आणि तुमच्या केसमध्ये मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारण पाण्यात पेशी सापडल्या तर कॅन्सर पक्का, पण सापडल्या नाहीत म्हणजे कॅन्सर नाही असं होत नाही हो, हे घरच्यांना कुणी नीट सांगत नाही. लाल रंगावरूनही ठरत नाही, टीबीचं पाणीसुद्धा लाल येतं. टीबीसाठी पाण्यातलं एडीए नावाचं एन्झाइम बघतात, 40 च्या वर असेल तर संशय बळावतो पण लिम्फोमातही तो वाढलेला असू शकतो, शिवाय टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट आणि कल्चर या तपासण्या आहेतच. तेव्हा सहा महिने टीबीच्या गोळ्या ‘बघू तरी’ म्हणून गिळायला मी तरी सांगणार नाही, केमो चालू असताना लिव्हरवर आणखी भार कशाला, पुरावा असेल तर मात्र एक दिवस थांबू नका. यावेळी पाणी काढाल तेव्हा सांगा की एवढीशी बाटली नको, भरपूर पाणी लॅबला पाठवा.

परत का भरलं? पहिल्या वेळी नुसतं सुईने काढून सुई बाहेर घेतली का ते विचारा. तसं केलं की बऱ्याच जणांचं परत भरतं. चांगली पद्धत म्हणजे इको लावून, सुई कुठे चाललीय ते बघत आत जायचं, तार टाकायची आणि तारेवरून टोकाला वेटोळं असलेली बारीक नळी सरकवून काही दिवस आतच ठेवायची, दिवसाला 30 मिलीच्या आसपास येईपर्यंत. (पहिलं थोडं पाणी निघालं की पेशंट टेबलावरच म्हणतो, आता बरं वाटतंय.) खूप मोठं पाणी असेल तर सगळं एका दमात ओढत नाहीत, टप्प्याटप्प्याने काढतात, नाहीतर अचानक मोकळं झालेलं हृदय गडबडू शकतं. प्लेटलेट कमी असतील तर आधी चढवतात, त्यासाठी ब्लड बँकेत सांगून ठेवा. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पेशी सापडल्या तर त्याच नळीतून आत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध सोडायचीही पद्धत आहे, तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. फुप्फुसाचा कॅन्सर पिशवीपर्यंत पोचलेला असेल तर बहुतेकदा महिन्यांचा हिशोब असतो, ब्रेस्ट आणि लिम्फोमात पुष्कळ बरी परिस्थिती असते. पण पाणी काढल्याने ते महिने बसून, बोलून, जेवून जातात, आणि नवीन औषध लागू पडणारं असेल तर ते द्यायला वेळ मिळतो. मिस्टरांना हे कितपत सांगायचं ते त्यांनाच विचारा.

प्रश्न : कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) चालू आहे, दोन डोस झाले. छातीत टोचतं, झोपलं की जास्त, पुढे वाकून बसलं की कमी. घरी ब्रुफेन आहे, घेऊ का? (पुणे)

उत्तर : स्वतःच्या मनाने नको. पुढे वाकल्यावर कमी होणारं दुखणं म्हणजे पिशवीला सूज असण्याची दाट शक्यता, आणि एरवी तिच्यावर ब्रुफेन आणि कोल्चिसिन हाच इलाज असतो हे खरं. पण निव्होल्युमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब या जातीच्या इम्युनोथेरपीच्या औषधांवर असलेल्या पेशंटमध्ये सूज हृदयाच्या स्नायूपर्यंतही जाऊ शकते, म्हणून ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि इको आजच करून घ्या आणि पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. बऱ्याचदा डोस थांबवून स्टिरॉईड द्यावे लागतात. त्यात केमोही चालू असेल तर प्लेटलेट आणि किडनी बघितल्याशिवाय ब्रुफेन तसंही चालत नाही.

प्रश्न : 1994 साली हॉजकिन्सचा आजार (लिम्फोमाचाच एक प्रकार) झाला होता, छातीवर शेक घेऊन पूर्ण बरा झालो. आता वर्षभर पायावर सूज, पोटात पाणी. लिव्हरचे सगळे रिपोर्ट झाले, दारू कधी घेतली नाही, कारण सापडत नाही. (रत्नागिरी)

उत्तर : तुमच्या लिव्हरच्या डॉक्टरांना 1994 चा शेक माहीत आहे का? जुना आजार म्हणून बरेच जण सांगतच नाहीत. छातीवर शेक घेतल्यावर दहा-वीस-तीस वर्षांनी ही पिशवी जाड आणि कडक होऊ शकते, मग पाणी नसतानाही हृदय पूर्ण पसरत नाही, रक्त मागे तुंबतं आणि सूज थेट पोटात आणि पायात दिसते, म्हणून लोक वर्षभर लिव्हरच्या मागे फिरतात. मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतात का ते बसल्या बसल्या कुणाला तरी बघायला सांगा. नीट इको, सीटी किंवा एमआरआय आणि गरज पडली तर कॅथेटर घालून दाब मोजणं यावरून कळतं. कडक पिशवी सोलून काढायचं ऑपरेशन असतं, पण शेक घेतलेल्यांमध्ये ते अवघड जातं कारण हृदयाचा स्नायू, झडपा आणि रक्तवाहिन्या यांनाही शेकाचा मार बसलेला असतो, तेव्हा अशी ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन शोधा आणि होकार देण्याआधी झडपांचा आणि अँजिओग्राफीचा रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा.